वस्तऱ्याने दाढी: सुरुवात कुठून करायची

वस्तरा हातात घेताना सगळ्यांना भीती वाटते ती गळा कापण्याची. प्रत्यक्षात शिकाऊ माणसाला छळते ती बोथट धार. बोथट वस्तरा खुंट कापत नाही, ओढतो. ओढायला लागला की आपला हात नकळत दाब देतो, आणि दाब पडला की कातडी सोलवटते. म्हणून आधी धारेची खात्री करून घ्या, दाढीचं नंतर बघू.

पहिला वस्तरा ५/८ इंच रुंदीचा (म्हणजे साधारण १६ मिलिमीटर), गोल टोकाचा घ्यावा. चौकोनी टोक मिशीची कड कोरायला उत्तम, पण नवख्या हातात ते कानाच्या पाळीला आणि नाकपुडीला लागतं. जर्मनीतल्या सोलिंगेनचे किंवा इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने वस्तरेही चांगले निघतात. फक्त धारेला दाता पडलेला नको आणि धारेलगत गंजाचे खड्डे नकोत. पाठीवरचा गंज चालतो. फार स्वस्तातले चकचकीत वस्तरे मात्र टाळा, त्यांच्या पोलादात धार टिकत नाही. नवा वस्तरा दाढीच्या धारेसह येतोच असं नाही, तेव्हा विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. घरी आल्यावर मनगटावरची कोरडी लव काढून पाहा. दाब न देता ती सुटली पाहिजे.

सलूनमध्ये दिसतो तो अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा. त्याला परजावं (पट्ट्यावर घासून धार नीट करावी) लागत नाही, दर वेळी नवं ब्लेड घालता येतं. पण तो हलका असतो, ब्लेड फार तिखट असतं आणि चूक पोटात घालत नाही. ‘आधी यावर शिकू, मग खऱ्या वस्तऱ्याकडे वळू’ हा सल्ला आम्ही देत नाही.

आता परजणं. दर दाढीआधी वस्तरा पट्ट्यावर (एका बाजूला कापड, दुसऱ्या बाजूला चामडं) परजायचा: कापडी बाजूवर २० फेऱ्या, मग चामड्यावर ४० ते ५०. जाऊन परत आलं की एक फेरी. पट्टा ताणून धरा. तो मध्ये झोळ पडून लोंबला तर धार गोल होते. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही पट्ट्यावर सपाट टेकलेली हवीत आणि पाठ पुढे, धार मागून अशीच चाल हवी. टोकाला पोचल्यावर वस्तरा उचलायचा नाही. पाठ पट्ट्यावरच ठेवून धार वरच्या बाजूने पलटायची आणि परत फिरायचं. सगळी गोम या पलटण्यात आहे: पाठ उचलली गेली की धार चामड्यात रुतते, पट्टा कापला जातो आणि वस्तराही बिघडतो. पहिला आठवडा अगदी सावकाश परजा, वेग आपोआप येतो. दाब फक्त वस्तऱ्याच्या वजनाइतका. पहिल्या पट्ट्यावर चिरा पडणारच, म्हणून तो स्वस्तातला घ्या. रुंदी ३ इंच असेल तर पातं अख्खं बसतं; २ इंचाच्या पट्ट्यावर फेरीगणिक थोडं तिरकं सरकावं लागतं.

दाढी आंघोळीनंतर करा, नाहीतर दोन-तीन मिनिटं गरम पाण्याचा टॉवेल लावून खुंट मऊ करा. ब्रशने साबणाचा फेस करा. तो दह्यासारखा दाट आणि ओला हवा. फुगलेल्या, कोरड्या फेसात वस्तरा अडखळतो. आरशात नीट उजेड हवा आणि जमीन कोरडी. वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, मागे सरका.

तीन बोटं पात्यामागच्या दांड्यावर, करंगळी शेपटीवर, अंगठा खालून. वस्तऱ्याची मूठ अर्ध्याहून जास्त उघडलेली. आता दुसऱ्या हाताने कानाजवळची कातडी वर ओढून ताणा. न ताणलेल्या कातडीची वळी धारेपुढे गोळा होते आणि तीच कापली जाते. पातं गालावर सपाट टेकवा, मग पाठ साधारण ८ मिलिमीटर वर उचला. ५/८ च्या वस्तऱ्याला हा झाला सुमारे ३० अंशांचा कोन. कोन कमी पडला तर खुंट ओढले जातात, जास्त झाला तर धार कातडी खरवडते. हात दोन-तीन सेंटिमीटरच न्यायचा, थांबायचं, कातडी पुन्हा ताणायची. कोन बरोबर असला की खुंट तुटताना बारीक करकर ऐकू येते. धारेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे आडवा, वस्तरा कधीही सरकवू नका. खोल चिरा पडतात त्या अशाच.

पहिल्या आठवड्यात फक्त दोन्ही गाल. बाकी तोंड नेहमीच्या रेझरने उरकून टाका. दुसऱ्या आठवड्यात जबडा आणि गळा, हनुवटी आणि वरचा ओठ सगळ्यात शेवटी. गळ्यावरचे केस बहुतेकांचे सरळ खाली वाढत नाहीत, भोवरा असतो. दोन दिवसांच्या दाढीवरून बोट फिरवून कल पाहून घ्या. उलटी दाढी, म्हणजे केसांच्या कलाविरुद्ध, पहिला महिनाभर नकोच. थोडे खुंट राहिले तर राहू द्या.

बारीक रक्त आलं तर ओली तुरटी फिरवा, मिनिटभर थांबून धुवा. तुरटी एखाद्या भागात जास्त झोंबली तर तिथे दाब पडला होता असं समजा. वस्तरा दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका. हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो.

दाढी झाली की पातं धुऊन मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, मग पट्ट्याच्या कापडी बाजूवर दहा फेऱ्या मारून ओल काढा. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात साधं पोलाद रात्रीतून गंजतं, तेव्हा धारेवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पसरवून ठेवा. परजूनही वस्तरा ओढू लागला, सलग दोन-तीन दाढ्या तसंच झालं, तर त्याला धार लावायच्या दगडाची गरज आहे. पहिली एक-दोन वर्षं हे काम जाणकाराकडून करून घ्या: १०००च्या दगडापासून ८००० किंवा १२०००च्या दगडापर्यंत (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) एकेक पायरी चढावी लागते, आणि शिकाऊ हाताने घासलेली चुकीची धार सरळ करायला बरंच पोलाद खर्ची पडतं.