संमतीपत्र आधी घरी आणा

बँकेत ३१ वर्षं मी कर्जाच्या फायली तपासल्या. न वाचता सही करू नका, हे गिऱ्हाइकांना सांगून घसा कोरडा व्हायचा. आणि माझ्या स्वतःच्या गाठीच्या वेळी, पुण्यातल्या एका रुग्णालयात, नव्या औषधाच्या चाचणीचं १६ पानी संमतीपत्र समोर आलं, तर मी चक्क पेन मागितलं! को-ऑर्डिनेटर मुलगी म्हणाली, "काकू, इथे, इथे आणि इथे." सोबत धाकटी जाऊ होती म्हणून बचावले. तिने कागद उचलून पर्समध्ये टाकला. "उद्या आणून देतो."

तर पहिलं काम हेच. मराठी प्रत मागा आणि घरी आणा. सही झाल्यावरही एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत तसं आहे.

मग कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. मनातल्या मनात वाचलं की अडलेला शब्द आपण गिळून टाकतो. कोथरूडच्या गॅलरीत जाऊ वाचत होती, मी शेंगा सोलत होते. 'यादृच्छिकीकरण' आलं आणि तिची गाडी थांबली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, नवं औषध की नेहमीचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. एवढंच! अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. आमच्या १४ झाल्या.

पुढे विचारायचं ते असं. चिठ्ठीत नेहमीचं औषध आलं तर माझे उपचार कुठे कमी पडणार नाहीत ना? चाचणीमुळे त्रास झाला तर उपचार फुकट मिळणार ना, भरपाई कोण देणार? मध्येच सोडली तर? आणि औषध लागू पडलं, पण चाचणी संपली, तर पुढचे डोस? या शेवटच्यावर उत्तर गुळमुळीत येतं. हटून बसा.

कागदावरचा सीटीआरआय नंबर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नंबर, भाच्याकडून मोबाइलवर तपासून घ्या.

आधी समजून घेऊन मगच हो म्हणायचं, हा हट्ट जुना आहे. १९७४ साली अमेरिकेत रोझ कुशनर या पत्रकार बाईंना गाठ निघाली. तेव्हा एकाच भुलीत गाठ तपासायची आणि कॅन्सर निघाला तर तिथल्या तिथे स्तन काढायचा, असा रिवाज. शुद्धीवर आल्यावर बाईने चाचपून बघायचं! कुशनरबाई म्हणाल्या, आधी तपासा, मग मी ठरवीन. १९७९ साली सरकारी आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळावर त्या बसल्या, आणि तपासणी व शस्त्रक्रिया वेगवेगळी करा, असं त्या मंडळाने सांगितलं.

आपल्याकडेही चाचणीला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक सामान्य माणूस असावाच लागतो. एका कमिटीत सध्या ती मी आहे. परवाच्या कागदात पुन्हा तोच शब्द, 'यादृच्छिकीकरण'. मी खोडून वर 'चिठ्ठी टाकून' लिहिलं आणि कागद परत पाठवला. नवी प्रत अजून आलेली नाही.