कर्जातून बाहेर पडायला गट केलाय? मग या चुका टाळा

अमळनेरला आमच्या ओट्यावर दर दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता सहा घरांची माणसं जमतात. प्रत्येकाच्या हातात एक शंभर पानी वही असते. चहा नसतो, पाणी मिळतं. तासाभरात प्रत्येक जण पंधरवड्याचे आकडे वाचून दाखवतो आणि उठतो. सुरुवात केली तेव्हा आम्ही आठ घरं होतो. आज उरलेल्या सहांपैकी चार घरं सावकार आणि हप्ते दोन्हींतून मोकळी झाली आहेत, त्यात आमचं एक. दोन घरं मध्येच गेली. ती गेली ती आमच्या चुकीमुळे, आणि ते मला आजही लागतं. तुम्ही असं काही सुरू करत असाल तर निदान त्या चुका तरी तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

अर्धंच कर्ज सांगणं

पहिल्या बैठकीत मी एक लाख ऐंशी हजार सांगितले. खरा आकडा सव्वातीन लाख होता. आईकडून आणून गहाण टाकलेल्या बांगड्या, माझ्या नावावरचा फायनान्सवाल्यांच्या महिला गटाचा हप्ता आणि किराणा दुकानातली उधारी, एवढं मी गिळलं होतं. पुढे कळलं की त्या दिवशी ओट्यावर बसलेल्यांत एकानेही पूर्ण आकडा सांगितला नव्हता. बँकेचं कर्ज सगळे सांगतात, ते कसं प्रतिष्ठेचं वाटतं. कृषी केंद्राची उधारी, साडूकडून घेतलेले हातउसने, महिन्याला शेकडा तीनने घेतलेले सावकाराचे पैसे मात्र तोंडातून निघत नाहीत. लोक काय म्हनतीन, हीच भीती.

यावर आम्हाला सापडलेला उपाय असा की पहिल्या बैठकीत बोलायचंच नाही, फक्त लिहायचं. वहीत सहा रकाने आखा: कोणाचं, मुद्दल किती उरलं, व्याज शेकडा किती, हप्ता कोणत्या तारखेला, गहाण काय ठेवलंय, जामीन कोण. शेवटचा रकाना उलटाही भरा, म्हणजे तुम्ही स्वतः कोणाला जामीन राहिला आहात तेही लिहा. आमच्यातल्या एका दादांना तेव्हाच आठवलं की चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर त्यांची सही आहे. ‘नुसती सही दिली’ असं आपण म्हणतो, पण करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. भावाचे हप्ते थकले तर बँक थेट दादांच्या दारात येऊ शकते.

नवरा आणि बायको दोघांनी आधी वेगवेगळं लिहावं, मग वह्या शेजारी ठेवाव्या. आमच्या घरी त्या रात्री कोणी जेवलं नाही. तरी तसंच करा. शिवाय सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. विसरलेलं कर्ज, फिटूनही ‘चालू’ दिसणारं कर्ज, आपल्या नावावर दुसऱ्यानेच काढलेलं कर्ज असं सगळं त्यात दिसतं.

गटाची भिशी करणं

आमची मोठी चूक ही. चौथ्या महिन्यात एका मावशींच्या मुलाला दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळ्यांनी मिळून बारा हजार जमवून दिले. माणुसकीचं काम होतं, कोणी दुसरा विचारही केला नाही. पण मावशींना ते परत करता आले नाहीत. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. ज्या घराने सगळ्यांत जास्त पाच हजार घातले होते, तेही महिन्याभरात यायचं थांबलं. जिथे माणूस मोकळेपणाने कर्ज सांगू शकत होता, तिथेच आम्ही त्याच्यावर नवं कर्ज चढवलं.

तेव्हापासून नियम पक्का आहे. ओट्यावर आकडे फिरतील, पैसा फिरणार नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या ‘डेटर्स अ‍ॅनॉनिमस’ या कर्जबाजारी माणसांच्या गटांबद्दल मी नंतर वाचलं. तिथेही कोणी कोणाला पैसे देत नाही. रोजचा खर्च लिहायचा, नवं विनातारण कर्ज घ्यायचं नाही, आणि अडकलेल्या माणसासोबत दोन अनुभवी सदस्यांनी बसून त्याचे आकडे मांडून द्यायचे, अशी त्यांची रीत. हे दोघांनी सोबत बसणं आम्ही उचललं. फार उपयोगी पडतं, कारण आपल्या वहीत आपल्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याला चटकन दिसतं.

मग बचत गट वाईट का? मुळीच नाही. पण ते काम वेगळं आहे. तिथे दहा ते वीस बायका असतात, बँकेत खातं असतं, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब ही पंचसूत्री असते. नाबार्डने १९९२ पासून असे गट बँकांशी जोडले, आपल्याकडे माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि सरकारचं उमेद अभियान हेच काम करतात. पैशांची अडचण असेल तर अशा गटात रीतसर जा. व्याज महिना दोन टक्के असलं तरी ते गटातच राहतं. फक्त हिशोबाची वही नसलेल्या भिशीला बचत गट समजू नका.

अडल्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत, मग करायचं काय? त्याच्यासोबत जायचं. मावशींच्या वेळी आम्ही दवाखान्यात विचारलंच नाही की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात, पण आधी विचारावं लागतं, कागद लागतात. बारा हजारांपेक्षा तिथे घातलेला एक दिवस मावशींच्या जास्त कामी आला असता.

महिन्याचं बजेट आखणं

काटकसरीचा सल्ला देणारा प्रत्येक जण महिन्याचा हिशोब सांगतो. भुसावळच्या रेल्वेतल्या माणसाला किंवा शाळेतल्या गुरुजींना तो चालतो. आपल्याकडे कापसावर जगणाऱ्या घराचा महिना असा नसतोच. पैसा येतो दिवाळी ते होळी. जातो मात्र बारा महिने, आणि ठरावीक महिन्यांत धो धो जातो. वैशाखात आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, लेकी माहेरी आलेल्या. लगेच सखाराम महाराजांची यात्रा, म्हणजे घरात पाहुणे. जूनमध्ये बियाणं, खत आणि मुलांची शाळा एकदमच. श्रावणात कानबाईचे रोट, मग पोळा, मग दिवाळी. कापूस विकून हातात चार पैसे आले की लग्नसराई उभीच.

म्हणून आमच्या वह्या जानेवारीत नव्हे, आखाजीला उघडतात. वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदाराचं वर्षही तेव्हाच बदलतं, तर घराचं का नको? पहिल्या पानावर बारा महिन्यांच्या ओळी, प्रत्येक ओळीत ठरलेला मोठा खर्च. आणि कापसाचे पैसे हाती आले त्याच दिवशी चार वाटे: कर्जाचा, पेरणीचा, वर्षाच्या धान्याचा, आणि उरलेल्या महिन्यांच्या घरखर्चाचा. त्याच दिवशी, कारण आठवड्याने वाटे पडत नाहीत. आमच्या घरी ‘व्हई जाई’ (होऊन जाईल) म्हणत तो आठवडा तीन वर्षं लांबला होता.

पीक कर्जाबद्दल एक सांगते, कारण इथे बरीच घरं अडकतात. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून लोक नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायला, सावकाराकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलतात, सोसायटीत भरतात आणि नव्या कर्जाची वाट बघतात. नवं कर्ज आठ दिवसांत मंजूर झालं तर ठीक. दोन-तीन महिने लागले तर शेकडा तीन किंवा पाचने सावकाराचं व्याज चालू राहतं आणि शून्य टक्क्याचं कर्ज सगळ्यांत महाग पडतं. कर्जाचा वाटा आधीच बाजूला काढायचा तो यासाठीच.

मीठ-मिरचीत काटकसर, आहेरात नाही

पहिल्या वर्षी मी मुलांचं दूध निम्मं केलं. तेल मोजून वापरलं. आणि त्याच वर्षी नणंदेच्या घरच्या साखरपुड्याला अकरा हजारांचा आहेर केला. दुधातून वर्षाला वाचले असतील सात हजार. याची लाज मला कर्जापेक्षा जास्त वाटते.

पोट मारून कर्ज फिटत नाही. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा हे आपलं रोजचं जेवण मुळात स्वस्तच आहे, त्यात कापण्यासारखं फार नसतं. दादर ज्वारी निघाली की वर्षाची एकदम घ्या, बिबडे-कुरडया घरी करा, हे चांगलंच आहे. पण उधारीवर वर्षाचं धान्य भरू नका, त्यात फायदा राहत नाही. खरी गळती साखरपुडा, जावळ, गंधमुक्तीच्या पंगती, मानपानाचे कपडे आणि हप्त्यावरचा मोबाइल यांतून होते.

आणि हे एकट्या घराला थांबवता येत नाही. भाऊबंदकीत नाव जातं. गटाचा मोठा उपयोग मला इथेच दिसला. सहा घरांनी मिळून ठरवलं की दोन वर्षं कुठेही एकशे एकच्या वर आहेर नाही आणि घ्यायचाही नाही. सासूबाई रागावल्या तेव्हा मी म्हणू शकले, “आई, आमच्या गटाचं ठरलंय.” एकटीने हे म्हणायची माझी छाती झाली नसती.

चुकीचं कर्ज आधी फेडणं

जो जास्त ओरडतो त्याचं आपण आधी फेडतो. किंमत मात्र व्याजाची असते. क्रेडिट कार्डावर चाळीस हजार थकलेत आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे, असं धरा. व्याज चौदाशे, त्यावर १८ टक्के जीएसटी दोनशे बावन्न. तुम्ही ‘किमान रक्कम’ म्हणून दोन हजार भरले तर मुद्दल फिटलं फक्त तीनशे अठ्ठेचाळीस रुपये.

दुसरा फसवा शब्द ‘फ्लॅट’. बारा टक्के फ्लॅट म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच, आणि वर्षभराच्या मासिक हप्त्यांत ते खरं सुमारे साडेएकवीस टक्के पडतं. गटातल्या दोघांनी बसून प्रत्येक कर्जाचा घटत्या शिलकीवरचा दर काढावा, तरच तुलना होते.

आमचा क्रम असा: आधी एखादी छोटी उधारी पूर्ण मिटवा, म्हणजे एक ओळ खोडता येते आणि धीर येतो. मग सर्वांत जास्त दराचं कर्ज, बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवून. नातेवाइकांच्या हातउसन्यांना व्याज नसतं, म्हणून ते शेवटी टाकायचा मोह होतो. तसं करू नका. पाचशे का होईना, दर महिन्याला स्वतः जाऊन द्या.

जुनं फेडायला नवं कर्ज एकाच अटीवर: दर स्पष्ट कमी हवा आणि जुनं खातं त्याच दिवशी बंद व्हायला हवं.

फोन आला की घाबरून गप्प बसणं

वसुलीच्या फोनची भीती मी दोन वर्षं काढली. नियम माहीत असते तर एवढी काढली नसती. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, आणि मायक्रोफायनान्सच्या (छोट्या, विनातारण) कर्जाला हीच वेळ नऊ ते सहा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्स देताना घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्जाच्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधली नावं-नंबर वापरण्याची परवानगी नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, १४४४८ वर माहिती मिळते. अ‍ॅपवाले फोटो पसरवण्याची धमकी देत असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

सावकाराचं प्रकरण जिल्हा उपनिबंधकाच्या कार्यालयात जातं. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि विनापरवाना सावकाराने सावकारीत जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराबद्दल ती परत मागता येते. एकट्याने जाऊ नका. आमच्यातला एक शेतकरी भाऊ तीनदा जळगावला जाऊन दारातून परत आला होता. चौथ्यांदा आम्ही दोघं सोबत गेलो आणि अर्ज दाखल झाला.

घसरलेल्याला ओट्यावरून रागावणं

कोणी तरी पुन्हा हप्त्यावर टीव्ही आणेलच. त्याला सगळ्यांसमोर झापलं की तो पुढच्या वेळी आकडा लपवेल, आणि लपवलेला आकडा घेऊन तो घरीच बसेल. आमच्याकडे अशा वेळी एवढंच विचारतात: किती, कोणत्या दराने, हप्ता कधी? वहीत नवी ओळ येते आणि पुढचा माणूस वाचायला लागतो. ओट्यावर ऐकलेलं गल्लीत सांगितलं तर मात्र माफी नाही, ते आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

मावशींकडे आम्ही दिवाळीनंतर दोघी जाऊन आलो. बारा हजारांच्या ओळीवर त्यांच्यासमोर काट मारली. त्या काही बोलल्या नाहीत, गूळ-पाणी दिलं. अजून आलेल्या नाहीत. त्यांची वही माझ्या कपाटात आहे, दर दुसऱ्या रविवारी मी ती बाकीच्यांसोबत ओट्यावर काढून ठेवते.