शाळेचा नियम, महापालिकेची फाईल: मत मांडायच्या आधी कागद कसा मागायचा

माझी सगळी नोकरी आवक-जावक टेबलावर गेली. आलेली पत्रं फोडायची, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि ज्या त्या टेबलाला पाठवायची. कुठलं पत्र पुढे सरकणार आणि कुठलं दप्तरी लागणार, हे मला साहेबांच्या आधी कळायचं. आता पुण्यात सहकारनगरात आमच्या सोसायटीत शाळेची नाहीतर महापालिकेची काही तक्रार निघाली की मंडळी मसुदा घेऊन माझ्याकडे येतात. एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पहिलं काम म्हणजे मसुद्यातले ‘मनमानी’, ‘अन्यायकारक’ आणि ‘पारदर्शकतेचा अभाव’ हे शब्द खोडा. ते खोटे असतात असं नाही. पण मत आलं की त्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो आणि पत्र तिथेच संपतं. कागदाची प्रत मागितली की कुणाला तरी उठून कपाट उघडावं लागतं. माहिती अधिकारात ‘असा नियम का केला?’ हा प्रश्न चालत नाही, कारण कायदा देतो ती नोंदीवर असलेली माहिती, अधिकाऱ्याचं स्पष्टीकरण नव्हे. ‘हा नियम ज्या आदेशाने केला त्याची प्रत द्या’ हे मात्र चालतं. आणि तशी प्रत नसेल तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी द्यावं लागतं. पुष्कळदा आपल्याला हवं असतं तेच हे उत्तर असतं.

मग नियम नक्की कुणाचा ते शोधा. जूनमध्ये शाळेच्या फाटकावर जी कुरकुर चालते ती सगळी ‘शाळेचा नियम’ म्हणून एका पोत्यात भरली जाते. फाटकासमोरचं नो-पार्किंग वाहतूक पोलिसांच्या आदेशाने होतं. व्हॅनवाल्या काकांनी कुठे थांबायचं हा विषय शाळेच्या परिवहन समितीचा; 2011 च्या स्कूलबस नियमांप्रमाणे ती प्रत्येक शाळेत असायला हवी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हे राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितलं. गणवेश अमुकच दुकानातून घ्या, हे मात्र बहुतेक वेळा शाळेचंच. त्याचं परिपत्रक मागितलं की एकदम शांतता पसरते.

फीचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण तिथे पालक सर्वात जास्त चिडतात आणि कागद सर्वात कमी वाचतात. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा 2011 चा. शाळा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा. संघाच्या कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडायचे, मुख्याध्यापकांच्या मर्जीने नव्हे. समितीची यादी सूचना फलकावर लावायची आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायची. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा. म्हणजे एप्रिलमध्ये फी वाढल्याचा मेसेज आला तर त्याची चर्चा आदल्या वर्षीच होऊन गेलेली असायला हवी, आणि तिचं इतिवृत्तही असायला हवं. इतिवृत्त मागा. सह्या बघा. समितीत आपण आहोत हे ज्यांना ठाऊकच नाही अशा पालकांची नावं यादीत सापडतात, असं मी पाहिलंय.

इथे लोक अडतात ते ‘खासगी शाळेला माहिती अधिकार लागू नाही’ या उत्तरापाशी. अनुदानित शाळा सरकारी पैशावर चालते, तिथे थेट अर्ज करा. विनाअनुदानित शाळा बहुधा हात वर करते. तिच्या नादी लागू नका. कायद्यातल्या ‘माहिती’च्या व्याख्येतच लिहिलंय की सरकारी कार्यालयाला खासगी संस्थेकडून जी माहिती कायद्याने मिळू शकते, तीही आपल्याला मागता येते. म्हणून अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचंच काम आहे. ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून खिडकीवरून परत पाठवलं तर निमूट परत येऊ नका. महापालिकेच्या शाळेचं तर सोपंच: तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते, तीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला हव्यात. तिचंही इतिवृत्त मागता येतं.

अर्जाचा नमुना ‘जोडपत्र अ’, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, हा 2012 पासूनचा नियम. मजकूर मी असा लिहून देते: ‘अमुक शाळेने शैक्षणिक वर्ष अमुक साठी सादर केलेली कार्यकारी समितीच्या सदस्यांची यादी, शुल्क प्रस्ताव व त्यावरील बैठकीचे इतिवृत्त यांच्या छायांकित प्रती मिळाव्यात.’ बस. कारण लिहायचं नाही, कायदा ते विचारत नाही. अर्जदार पालकच हवा असंही नाही, भारताचा नागरिक असला की झालं. मुलगा त्याच शाळेत आहे, नाव पुढे आलं तर त्याला त्रास होईल, ही भीती खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. म्हणून आमच्याकडे अशा अर्जांवर सही वरच्या मजल्यावरच्या आजोबांची असते. त्यांची नातवंडं केव्हाच कॉलेजात गेली.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. ‘ठेवून जा, नंतर टाकतो नंबर’ असं म्हणणारा माणूस वाईट नसतो, त्याला चहाला जायचं असतं. थांबा. माझ्यापुढे जे शांतपणे उभे राहायचे त्यांना मी आधी नंबर टाकून द्यायचे.

महापालिकेच्या कामाबद्दल, समजा शाळेकडे जाणारा फूटपाथ उखडून तसाच ठेवलाय, तर अर्जाआधी फाईल बघायला मिळते का ते विचारा. स्थानिक संस्थांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फायली बघू द्याव्यात, असं शासनाने नोव्हेंबर 2018 मध्ये ठरवलं होतं; आता ते चालू आहे का याची आधी खात्री करा. मेट्रोने गेलात तर मनपा भवनाजवळच उतरता. पण वॉर्डातल्या लहान कामाची फाईल तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात असण्याची शक्यता जास्त, आधी तिथे विचारा. फाईल हातात आली की पत्रव्यवहार बाजूला ठेवा आणि आधी टिपणी वाचा. प्रस्ताव कुणी मांडला, कुणी कुठला शेरा मारला, कुठल्या टेबलावर किती आठवडे पडून होता, हे सगळं तिथे तारखेनिशी असतं. हव्या त्या पानांचे क्रमांक वहीत टिपून घ्या. मग अर्जात ‘पान क्रमांक अमुक ते अमुक’ एवढंच लिहावं लागतं, आणि दर पानाला 2 रुपयांप्रमाणे नेमकी तेवढीच पानं घेता येतात. सबंध फाईल मागणाऱ्याला ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ हे उत्तर हमखास मिळतं.

आता मतं. कागद हातात आल्यावरच ती गोळा करा. व्हॉट्सॲपवरचे अंगठे कुठल्याही फायलीला लागत नाहीत. एक साधा तक्ता करा: नाव, फ्लॅट, एका वाक्यात म्हणणं, सही. ज्यांना तो नियम पटतो त्यांचीही वाक्यं घ्या. आमच्याकडे फाटकासमोर गाड्या नकोतच असं म्हणणाऱ्या आया निघाल्या, आणि त्यांचं म्हणणं जोडलं म्हणून पत्राला वजन आलं. एखादं काम सुचवायचं असेल तर पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवतात. तो अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. मुदतीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, ती फार दिवस चालत नाही.

उत्तराची मुदत 30 दिवस. ती उलटून माहिती मिळाली तर प्रतींचे पैसे लागत नाहीत, हे खिडकीवर आपणच सांगावं लागतं. उत्तर आलंच नाही किंवा गुळमुळीत आलं, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे 20 रुपयांचा स्टॅम्प लावून अपील. या सुनावणीला जाच, कारण अनेकदा माहिती त्याच टेबलावर मिळते. त्यानंतरचं दुसरं अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे तारीख लागायला वेळ जातो, तेवढ्यात मूल वरच्या वर्गात गेलेलं असतं. म्हणून पोच, उत्तर आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का एकाच फायलीत लावून ठेवा आणि ती फाईल सोसायटीच्या ऑफिसात ठेवा, कुणाच्या घरी नको.