रुबी सॉल्टबुश: उपटण्याआधी ओळखा, मग वाढवा
ऑस्ट्रेलियात कुंपणालगत राखाडी-हिरवं खुरटं झुडूप आपोआप उगवलं, तर तण समजून लगेच उपटू नका. पान चिमटीत धरून बघा. १ ते २ सेंटिमीटर लांब, दंडगोल, मांसल, लवदार आणि टोकाला न टोचणारं असेल, तर ते बहुधा रुबी सॉल्टबुश, म्हणजे तिथलंच देशी झुडूप. रोली-पोली या तशाच दिसणाऱ्या काटेरी झुडपाचं पान मात्र टोकाला टोचतं. पक्की खात्री फळावरूनच करा: चपटं, मऊ, पिवळं किंवा लालभडक.

रोपं छाट कलमाने सहज होतात. ८ ते १० सेंटिमीटरची, फार कोवळी नाही आणि जूनही नाही अशी काडी पेराखाली कापा, खालची निम्मी पानं काढा. दोन भाग जाड वाळू आणि एक भाग कोकोपीट अशा मिश्रणात खोचून सावलीत ठेवा. काड्या मरतात त्या बहुतेक वेळा जास्त पाण्याने. बुडखा काळा पडला की ती काडी गेलीच. वरचा थर सुकल्यावरच पाणी द्या.

जमिनीत लावताना १ मीटर अंतर ठेवा. खत नकोच, त्याने फांद्या लुळ्या पडतात. झुडूप विरळ झालं तर एक तृतीयांश छाटा.