जोधपूरचा भू-आच्छादन नकाशा: घर आणि खडक वेगळे कसे काढायचे

जोधपूरच्या उपग्रहचित्रावर नेहमीचं वर्गीकरण चालवलं की शहर फुगतं. घरांच्या भिंती, छतावरच्या दगडी पट्ट्या आणि शहराला खेटून असलेल्या खाणी, सगळीकडे एकच वालुकाश्म. शिवाय आजूबाजूला उघडे खडकाळ डोंगर. पुण्याभोवती पावसाळ्यानंतरच्या चित्रात एनडीबीआय हा बांधकाम ओळखणारा निर्देशांक, म्हणजे (बी11 − बी8) ÷ (बी11 + बी8), बऱ्यापैकी (बी11 आणि बी8 हे उपग्रहाचे लघुतरंग आणि निकट अवरक्त बँड) काम देतो, कारण शहराबाहेर हिरवं असतं. इथे कोरडी माती, खडक आणि गच्ची या तिन्हींची किंमत जवळपास सारखीच येते. म्हणून एका दिवसाच्या रंगावर विसंबू नका. वर्षभरातला बदल, पोत (शेजारच्या पिक्सेलांतला चढउतार) आणि रडार, या तिघांची साक्ष काढा.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची लेव्हल-2ए (वातावरणाचा परिणाम काढलेली) चित्रं पूर्ण वर्षाची घ्या आणि नकाशा-प्रक्षेपणासाठी यूटीएम पट्टा 43 उत्तर ठेवा (जैसलमेरसाठी 42). 25 जानेवारी 2022 पासूनच्या चित्रांत प्रत्येक आकड्यात 1000 मिळवलेले असतात. ते वजा करून मग 10000 ने भागा. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह घेतला तर ती वजाबाकी आधीच झालेली असते. हे विसरून जुनी-नवी चित्रं एकत्र केली, तर जे बदल घडलेच नाहीत तेही नकाशावर दिसू लागतात.

ढग गाळताना जास्त काळजी घ्या. लेव्हल-2ए सोबत येणारा एससीएल (दृश्य-वर्गीकरणाचा) थर बऱ्याचदा चकाकती वाळू आणि पांढरी छपरं ढग समजून काढून टाकतो, म्हणजे नेमकं शहरच भोकाभोकाचं होतं. क्लाउड स्कोअर प्लस वापरा (हा प्रत्येक पिक्सेल किती स्वच्छ आहे याला 0 ते 1 गुण देतो), उंबरठा 0.60 पासून सुरू करा आणि एकाच छपराची वर्षभरात किती चित्रं शिल्लक राहतात ते मोजून पाहा. मे-जूनमधली आंधीची चित्रं मात्र डोळ्यांनी पाहूनच वगळा; धूळ ढगांच्या चाळणीतून बऱ्याचदा निसटते.

आता काळाची साक्ष. प्रत्येक पिक्सेलसाठी वर्षभरातल्या एनडीव्हीआयचा (हिरवळ मोजणाऱ्या निर्देशांकाचा) 90 वा शतमक काढा आणि त्यातून 10 वा वजा करा. बाजरीचं शेत मे महिन्यात ओसाड मैदानासारखं दिसतं, पण ऑगस्ट-सप्टेंबरात उसळी घेतं. गच्ची आणि खडक वर्षभर तसेच. या एका थराने पडीक शेतं शहरातून बाहेर पडतात. विरळ झुडपांसाठी एसएव्हीआय, म्हणजे मातीचा प्रभाव कमी करणारा हिरवळीचा निर्देशांक (मातीचा गुणांक एल = 0.5), जोडा, नाहीतर वेडी बाभूळ मातीत मिसळून जाते.

उरतो घर-खडकाचा तंटा. सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाचे व्हीव्ही आणि व्हीएच (लहरींच्या दोन ध्रुवीकरणांचे) थर घ्या आणि वर्षभराचा मध्यक काढा, म्हणजे रडारचित्रातले दाणेदार ठिपके विरतात. उपग्रहाची चढती (उत्तरेकडे जाणारी) आणि उतरती (दक्षिणेकडे जाणारी) फेरी मात्र एकत्र करू नका. भिंत आणि जमीन यांच्या कोनातून लहर परत फिरते म्हणून वस्ती उजळते. सपाट वाळू काळी राहते. पण ज्या वसाहतींचे रस्ते उपग्रहाच्या मार्गाशी तिरके आहेत, त्या मंद दिसतात. त्यांचे नमुने मुद्दाम घ्या. डोंगरउतारही उजळतो, म्हणून कोपर्निकसच्या 30 मीटर उंची-नकाशातून उतार हा आणखी एक थर जोडा. बी8 वरून 5×5 खिडकीत पोताचा फरकही काढा.

दगडखाणीपुढे मात्र हे सगळं थिटं पडतं. सूरसागरकडच्या खाणी जवळून पाहा: उभी कापलेली भिंत, तिच्या पायाशी सपाट तळ, कडेला राडारोड्याचे ढीग. रडारला ती भिंत घराचीच वाटते. खाणी उच्च-विभेदन चित्रावर हातानेच आखून घ्या. त्यात एखादा दिवस जातो, पण वर्गीकरणाचे आकडे ढवळत बसण्यापेक्षा तो सत्कारणी लागतो.

प्रत्येक वर्गासाठी 60 ते 80 छोटे बहुभुज काढा, सगळ्या परिसरात विखरून. दाट जुनं शहर, नव्या सुट्या प्लॉटांची वस्ती आणि पत्र्याच्या शेड हे तीन वेगळे वर्ग ठेवा, नंतर जोडा. 20 मीटरचे बँड 10 मीटरवर आणून रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-झाडांच्या मतांवर चालणारी वर्गीकरण पद्धत) 200 झाडांनी चालवा. शिकवणीचे आणि तपासणीचे नमुने बहुभुजानुसार वेगळे करा. एकाच बहुभुजातले पिक्सेल दोन्हीकडे गेले तर अचूकता फसवी चढते. शेवटी 5 पिक्सेलपेक्षा लहान तुकडे, म्हणजे 500 चौरस मीटरच्या आतले, गाळा. त्याहून कडक चाळणी लावली की शेतातल्या ढाण्या (विखुरलेल्या छोट्या वस्त्या) पुसल्या जातात.

क्षेत्रफळ पिक्सेल मोजून सांगू नका. समजा नकाशावर 100 चौरस किलोमीटर बांधकाम आहे आणि तपासणीत त्यातलं 80 टक्के खरं निघालं. उरलेल्या 1000 चौरस किलोमीटर उघड्या भागात 3 टक्के घरं सुटलेली सापडली. खरं बांधकाम 80 अधिक 30, म्हणजे 110. वाळवंट इतकं मोठं असतं की त्यातली छोटी चूकही शहराचा आकडा हलवते. त्यासाठी शहराच्या कडेला 1 किलोमीटरचा पट्टा तपासणीसाठी वेगळा विभाग (स्तर) धरा आणि तिथे तपासणीचे किमान 50 बिंदू टाका. सुटलेली घरं बहुतेक तिथेच मिळतात.