दुसऱ्याकडून काम करून घेण्याची इंग्रजी: गोव्यात नोकरीला नव्याने आलेल्यांसाठी

सावंतवाडी, दोडामार्ग, चंदगड, कोल्हापूर या भागांतून कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत येणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी येतच नाही, असं सहसा नसतं. गेस्टचं बोलणं कळतं, उत्तरही देता येतं. अडतं ते समोरच्याला काही करायला सांगताना. गेस्टने खोली वेळेवर सोडायला हवी असते, एसीवाल्याला आजच्या आज बोलवायचं असतं, मॅनेजरला रजेच्या अर्जाची आठवण करून द्यायची असते. मी इथे आधी हाउसकीपिंगला होतो, आता फ्रंट ऑफिसला आहे. मन लावून काम करणारी मुलं नेमकी इथेच उद्धट ठरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मराठीत आपण "जरा बघता का", "करा ना", "या की" म्हणतो. इंग्रजी बोलताना हे जरा, ना, की गळून पडतात आणि उरतं "सर, साइन हियर". तुमच्या मनात आदर असतो, पण गेस्टला हुकूम ऐकू येतो. पुढे नुसतं प्लीज लावून भागत नाही, प्रश्न करून विचारावं लागतं: "कुड यू साइन हियर, प्लीज?" किंवा "वुड यू माइंड वेटिंग फाइव्ह मिनिट्स?" या दुसऱ्या प्रश्नावर गेस्ट "नो, नॉट ॲट ऑल" म्हणाला तर घाबरू नका. थांबायला हरकत नाही, असं तो सांगतोय.

"यू हॅड बेटर" गेस्टशी बोलताना वापरूच नका. शाळेत त्याचा अर्थ 'केलेलं बरं' असा शिकवतात, पण ऐकणाऱ्याला त्यात 'नाहीतर बघा' असा इशारा जाणवतो. त्यापेक्षा म्हणा, "चेक-आउट इज ॲट इलेव्हन. शॅल आय सेंड समवन फॉर युअर बॅग्ज?" सामान न्यायला माणूस येतोय म्हटल्यावर बहुतेक जण आपणहून आवरायला घेतात. काही सुचवायचं असेल तर "यू माइट वॉन्ट टू लीव्ह अ बिट अर्ली" म्हणा आणि लगेच कारण सांगा, की आज शुक्रवार, म्हापशाचा बाजार आहे, रस्त्यावर गर्दी असेल. कारण कळलं की माणूस लवकर हलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "फास्ट" आणि "क्विक" म्हणायची सवय सोडा, वेळ सांगा. "डू इट फास्ट"ने माणूस दुखावतो, आणि काम कधी होणार हे तरीही ठरत नाही. "कॅन यू फिनिश इट बाय फोर?" विचारलं की त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. इथे 'बाय'च लागतं. आपण दोन्हीकडे 'पर्यंत' म्हणतो, म्हणून तोंडात 'टिल' येतं. पण "वर्क टिल फोर" म्हणजे चारपर्यंत काम करत राहा, आणि "फिनिश बाय फोर" म्हणजे चारच्या आत संपवा. हा फरक पक्का करा. शिफ्ट बदलताना होणारे निम्मे वाद यातूनच निघतात, असं मला वाटतं.

वरिष्ठांची भाषा वेगळी. "व्हेन यू गेट अ चान्स" असं साहेब म्हणाले तर सवड मिळायची वाट बघू नका, ते काम आजच करायचं असतं. ईमेलमधलं "काइंडली डू द नीडफुल" आपल्याकडच्या ऑफिसांत चालतं, पण परदेशी गेस्टला त्यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही. त्यांना काम नाव घेऊन सांगा. आणि खोलीच्या दारात गेस्ट "गो अहेड" म्हणाला, तर पुढे चालू लागू नका. त्याचा अर्थ, करा सुरू.

एका ठिकाणी मात्र ही सगळी नम्रता बाजूला ठेवायची, ते म्हणजे समुद्र. लाल झेंडा लावलेला असताना, विशेषतः पावसाळ्यात, कोणी पाण्यात उतरलेलं दिसलं तर कुड आणि वुड नको. "गेट आउट ऑफ द वॉटर! नाउ!" असं मोठ्याने ओरडा आणि जीवरक्षकाला बोलवा. रुग्णवाहिकेसाठी 108.

गोंयकारांशी सगळीकडे इंग्रजीच हवी असं नाही. प्लंबर, रिक्षावाले, दुकानदार यांना मराठी बहुधा समजते, आणि "मात्शें बेगीन" (जरा लवकर) एवढी कोंकणी तुमच्या तोंडून आली तरी त्यांना बरं वाटतं. फक्त दुपारी एक ते चार कोणाच्या मागे लागू नका. बरीच दुकानं तेव्हा बंद असतात, माणसं जेवून आडवी झालेली असतात. सरकारी कामासाठी अर्ज मराठीतही लिहा. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा असली तरी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. अर्जाची पोच मात्र घ्या. ठरावीक मुदतीत सेवा देण्यासाठी इथे 2013 चा कायदा आहे, त्यामुळे पोचीवरची तारीख दाखवून विचारता येतं.

बार्देशातले, म्हणजे कळंगुट-म्हापशाच्या या तालुक्यातले, बरेच घरमालक इंग्रजीतच बोलतात. नळ गळत असेल तर त्यांना असा मेसेज पाठवा: "गुड मॉर्निंग, अंकल. द टॅप इन माय रूम इज स्टिल लीकिंग. कुड यू प्लीज सेंड द प्लंबर बाय फाइव्ह टुडे? आय विल बी होम आफ्टर थ्री." उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी "जस्ट चेकिंग अबाउट द टॅप" एवढंच लिहा, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी स्वतः जाऊन भेटा.