हा बांबू कुठल्या रांजीतला?

मागच्या माघात आमच्या गावच्या बांबू डेपोवर नागपूरहून एक परीक्षक आले. जंगल नीट सांभाळल्याचं सर्टिफिकेट मिळवायचं, त्याच्या मुख्य तपासणीआधीची ही चाचपणी होती. ठराव, नकाशा, सामूहिक वनहक्काचा दाखला, मजुरीची पावतीपुस्तकं, सगळं मी टेबलावर मांडून ठेवलं होतं. त्यांनी आधी फायलीला हातही लावला नाही. थप्पीतून एक बांबू ओढला आणि विचारलं, "ताई, हा कुठल्या रांजीतला?"

रांजी म्हणजे बांबूचं बेट. मी म्हटलं, कूप दोनमधला, म्हणजे जंगलाच्या तोडीच्या दुसऱ्या भागातला. ते हसले. "रांजी कुणालाच सांगता येत नाही हो. निदान जंगलाची बाजू तरी सांगा. याचा खुंट कुठे पाहायला मिळेल?"

मला सांगता आलं नाही. वर त्या थप्पीत माझ्या चुलत दिराच्या बांधावरचे चाळीसेक बांबू होते. त्याला गाडी मिळाली नव्हती, म्हणून मीच म्हटलं होतं, ठेव इथं, जातील सोबत. जंगलाचा माल कुठला आणि शेताचा कुठला, हे आता माझं मलाच ओळखू येईना.

मी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एका ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीची सचिव आहे. सर्टिफिकेट अजून आमच्या हातात नाही. पण त्या दिवसानंतर आम्ही काय काय बदललं ते लिहिते, कारण आजूबाजूच्या गावांतून तेच फोन येतात: कुठून सुरू करायचं?

आधी कोण काय देतं ते समजून घ्या. एफएससी ही जंगलाच्या सर्टिफिकेटचे नियम लिहिणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९९३ साली सुरू झाली, तशीच दुसरी पीईएफसी १९९९ साली. भारतात एनसीसीएफ ही याच कामाची संस्था २०१५ पासून आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने आपली स्वतःची वन आणि लाकूड प्रमाणन योजना आणली. नियम लिहिणारा वेगळा आणि तपासायला येणारा वेगळा, ही यातली मुख्य गोष्ट. एफएससी स्वतः तुमच्या जंगलात येत नाही. तिची मान्यता असलेली तिऱ्हाईत संस्था येते. सर्टिफिकेट पाच वर्षांचं, पण दरवर्षी पुन्हा पाहणी होते. म्हणून कुणी म्हणालं, "महिन्याभरात करून देतो, आगाऊ रक्कम द्या," तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आमच्याकडे एक येऊन गेला. त्याच्या बॅगेत छापील नमुना होता, नुसतं गावाचं नाव भरायचं बाकी.

एकट्या गावाला तपासणीचा खर्च झेपत नाही. गटाने सर्टिफिकेट घेता येतं: दहा-बारा ग्रामसभा एकत्र येतात, एक जण गटाचा कारभार पाहतो, परीक्षक त्यातली काही गावं निवडून तपासतो. यात एक मेख आहे. एका गावाने घोळ केला तर अख्खा गट अडचणीत येतो. सोयरीक जुळवताना घर पाहतो तसं सोबतचं गाव पाहून घ्या.

कागदाचं थोडक्यात. वनहक्क कायद्याने २००६ सालीच बांबूला गौण वनोपजात धरलं. तरी आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये हक्क मिळूनही वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा परवाना, म्हणजे टीपी, समितीच देते. दाखला, हद्दीचा नकाशा, समितीच्या निवडीचा ठराव आणि टीपी बुकाच्या सगळ्या प्रती, वाया गेलेल्यासुद्धा, एका पेटीत ठेवा. वाया गेलेलं पान फाडून फेकू नका, त्यावर आडवी रेघ मारा.

आता जंगलात चला, खरं काम तिथंच आहे.

बांबूच्या जातींत आमच्याकडे मानवेल जास्त, नाल्याकाठी थोडा कटांग. जंगलाचे आम्ही चार कूप पाडले. दर वर्षी एकच कूप कापायचा, मग तो तीन वर्षं आराम करतो. प्रत्येक कुपाच्या आता सहा पट्ट्या केल्यात. नाला, पायवाट, मोठा मोह, दगडी खूण अशा जिवंत हद्दींवर पट्ट्या पाडायच्या. मोबाईलवरचे जीपीएसचे आकडेही घ्या, पण मजुराला "मोहाच्या अलीकडे" लगेच कळतं.

कापण्याआधी मोजणी. वीस मीटरची दोरी घ्यायची, चार खुंट्या ठोकून चौकोन करायचा. असे पंचवीस चौकोन झाले की बरोबर एक हेक्टर होतो, हिशेब तोंडी जमतो. चौकोन सोयीच्या जागी टाकू नका. वाटेजवळच्या रांज्या नेहमीच उजाड असतात, आतल्या भरगच्च. दोन्हीकडचे यायला हवेत. प्रत्येक रांजीत तीन आकडे लिहायचे: यंदाचे, मागच्या वर्षीचे, जुने.

वय ओळखायला आमच्या गावच्या आजाने बायकांना एका सकाळी शिकवलं. यंदाचा बांबू गर्द हिरवा, अंगावर खपल्या चिकटलेल्या, बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागते. दुसऱ्या वर्षी खपल्या गळतात, फांद्या फुटतात. तिसऱ्याचा रंग उतरतो, कांड्यांवर बुरशीचे ठिपके येतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकला की खणखणीत वाजतो. कोवळा भद्द वाजतो. आता आमच्या बायका डोळे मिटून सांगतात.

आमचा नियम असा: यंदाचा आणि मागच्या वर्षीचा बांबू कापायचाच नाही. जुन्यांतलेही निदान यंदाच्या कोंबांइतके उभे ठेवायचे, नाहीतर वाऱ्यात कोवळे आडवे होतात. रांजीत एकूण आठाच्या खाली बांबू उरता कामा नयेत. म्हणजे एखाद्या रांजीत बावीस बांबू आहेत, चार यंदाचे, पाच मागचे, तेरा जुने. चार, पाच आणि चार ठेवायचे, कापायचे नऊ. ठेकेदाराच्या काळात याच रांजीतून सोळा गेले असते, तेही बाहेरच्या बाजूचे, कारण हात तिथंच पोहोचतो. रांजी बाहेरच्या बाजूने वाढते. म्हणून एका बाजूने वाट करून आतले जुने काढायचे, वरून पाहिलं तर घोड्याच्या नालासारखा आकार दिसला पाहिजे.

वार जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेऱ्याच्या अगदी वर. पेऱ्याच्या वर लांब नळी सोडली तर पावसाचं पाणी साचतं आणि खुंट कुजतो. वार तिरका आणि धारदार हवा, फाटलेला खुंट परीक्षकाला लांबून दिसतो. पावसाळ्यात कोयता बंद. दिवाळी झाली की सुरुवात. आजा म्हणतो, अंधाऱ्या पाखात कापलेल्याला घुण लागत नाही. मला एवढं दिसतं की थंडीत कापून पंधरा दिवस नाल्यात बुडवलेला बांबू टिकतो. आम्ही दोन्ही पाळतो, भांडण कशाला.

वास्त्यांवरून, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांवरून, मात्र भांडण झालंच. पावसाळ्यात त्यांची भाजी करू नका म्हणणं म्हणजे सासुरवाशिणीला माहेर बंद करणं. शेवटी ठरलं: पहिल्या पावसाचे वास्ते कुणी खुडायचे नाहीत, उशिरा आलेले, आत दाटीत अडकलेले घरापुरते घ्यायचे. बाजारात विकायचे नाहीत. ठरावात लिहिलं, सह्या घेतल्या.

काही जागा कापण्यातून वगळाव्या लागतात: नाल्याचे दोन्ही काठ, देवाची जागा, पोकळ झालेली जुनी झाडं. एफएससीच्या दहा तत्त्वांत एक आदिवासींच्या हक्कांवर, एक कामगारांवर, एक अशा मोलाच्या जागांवर आहे. देवाच्या जागेचा नकाशा बाहेरच्याला द्यायला आमचे गायता, म्हणजे गावचे पुजारी, तयार नव्हते. मग नकाशावर नुसतं "कापणी नाही" असं रंगवलं, नाव लिहिलं नाही. चाललं.

वणवा हा सगळ्यात मोठा शत्रू, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच हाताने लागतो. मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूची खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, झाली की कोंब चांगला फुटावा म्हणून आग देतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर याच कारणाने तेंदू तोडणंच सोडलं. आमच्यात तेवढी हिंमत नाही, तेंदूच्या पैशावर शाळेचे कपडे येतात. आम्ही मोहाखाली झाडू मारतो, काही घरं जुन्या साड्या अंथरतात. फेब्रुवारीच्या मध्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, साफ करतो आणि लागलेली प्रत्येक आग लिहून ठेवतो. आग लपवली तर काळे खुंट बोलतात.

आता थप्पीचं. प्रत्येक पट्टीला रंग दिला: गेरू, चुना, निळ, काजळी, हळद, आणि सहावी बिनरंगी. वीस बांबूंची जुडी बांधली की बुंध्याशी बोटभर पट्टा ओढायचा. पहिल्याच दिवशी आजाने विचारलं, "काहून ओ बाई, वेळूले का आधार कार्ड देऊन राहिली?" मी म्हटलं, तसंच समजा. हळद मात्र आठ दिवसांत उडाली, तिच्या जागी जुना लाल ऑइलपेंट आला.

रजिस्टरात तारीख, पट्टी, तोडणाऱ्याचं नाव, जुड्या, मजुरी, आणि माल गेला की टीपीचा नंबर. एका ओळीत एकच पट्टी. पेन्सिलने लिहा, दहिवराने शाई पसरते. खोडरबर मात्र ठेवू नका. चुकलं तर काट मारून बाजूला सही. शेतातल्या बांबूची थप्पी वेगळी, मध्ये चालायला वाट हवी. दिराचे बांबू मी आता त्याच्याच अंगणात ठेवायला सांगते. आठ दिवस बोलला नाही. विकलेला माल आणि कापलेला माल यांची बेरीज महिन्याला जुळवा. विकलेला जास्त निघाला तर बाहेरचा माल घुसलाय, परीक्षकाआधी तुम्ही शोधा.

माल पुढे ज्याच्याकडे जातो त्या कारखान्याकडेही मालाची साखळी सांभाळल्याचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, नाहीतर आपली खूण तिथंच पुसली जाते. एफएससीच्या खुणा तीन असतात: शंभर टक्के, मिश्र आणि पुनर्वापर. खाली 'सी'ने सुरू होणारा आकडा असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. कुणी व्यापारी "माझ्याकडे आहे" म्हणाला की मी त्याच्यासमोरच मोबाईलवर टाकते. एकाचा आकडा निघाला, पण मुदत संपलेली.

परीक्षक मजुरांशी एकटे बोलतात, समितीला लांब उभं करून. शिकवून ठेवू नका, बाया पटकन सांगून टाकतात. बाई-माणसाला एकच मजुरी, ती जुडीवर, आणि खात्यात कधी जमा झाली ते पासबुकात दिसलं पाहिजे. बूट आणि मलमपट्टीची पेटी कुपात हवी, डेपोच्या कपाटात नको. २०२१ पासून जिल्ह्यात हत्ती फिरतात, कळप जवळ असल्याची खबर आली की त्या दिवशी काम बंद, आणि ते रजिस्टरात लिहायचं: "काम नाही, हत्ती." आमच्या रजिस्टरातली ही ओळ वाचून परीक्षकांनी त्याचा फोटो काढला होता.

यंदा कूप तीन. दोरीला गाठी मारून ठेवल्यात, लाल पेंटचा एक डबा शिल्लक आहे. दिवाळीनंतर पहिल्या दोन जुड्या मी स्वतः रंगवणार आणि त्यांचे खुंट आजाला विचारणार.